तांब्याच्या बंबावर गेमिंग पीसी कसा उभा करायचा

वाईच्या घरी सोलर बसला तेव्हा न्हाणीघरातला तांब्याचा बंब मोडीत द्यायचं ठरलं. भंगारवाल्यानं वजन केलं, ९ किलो २०० ग्रॅम. मी त्या दिवशी घरीच होते. काट्यावरून बंब उचलला, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला आणि पुण्याला घेऊन आले. आज त्याच बंबातलं १८ लिटर पाणी माझ्या गेमिंग पीसीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड थंड ठेवतं. प्रोसेसरवर बसवायच्या साडेतीन हजारांच्या पंखेवाल्या कूलरनं तो तितकाच थंड राहिला असता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार मी यात घातले, आणि पुन्हा घालायची वेळ आली तर आनंदानं घालेन. असला पीसी गरजेपोटी कोणी बांधत नाही. हौस असते म्हणून बांधतात, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं.

मी भोसरीत पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. त्यामुळे या लेखात प्रोसेसरपेक्षा पाण्याबद्दल जास्त वाचायला मिळेल. सुटे भाग जोडून पीसी कसा बांधतात, ते तुम्हाला येतं असं धरून चालते. ज्यांना तेही नवीन आहे त्यांनी आधी एक साधा पीसी बांधावा आणि मग इकडे यावं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. कल्पना कितीही वेडी असू दे, नळजोडणी मात्र शहाण्या माणसाची हवी. बंब घ्या, शिवणयंत्राचं टेबल घ्या, जुना रेडिओ घ्या. पण पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठे थांबतं आणि गळलंच तर कुठे पडेल, हे कागदावर काढल्याशिवाय एकही फिटिंग विकत घेऊ नका. मी आधी तीन महिने नुसती चित्रं काढली. त्यातली दोन फाडली, तिसरं वापरलं.

बंब कसा हवा

ज्यांनी बंब फक्त फोटोत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. बंब म्हणजे एकात एक दोन नळकांडी. मधल्या पोकळीत जाळीवर लाकडं किंवा कोळसा पेटतो, राख खाली पडते, धूर वरून जातो. भोवतीच्या कप्प्यात पाणी असतं आणि तळाशी पितळी तोटी. थोडक्यात, आग आणि पाणी यांच्यामध्ये तांब्याची एक पातळ भिंत. आपल्याला हेच यंत्र उलटं चालवायचं आहे. उष्णता पाण्यात आधीच आलेली असते, ती बाहेर काढायची असते. म्हणून मी मधल्या पोकळीच्या तळाशी, जिथे पूर्वी विस्तव असायचा, तिथे १२० मिलिमीटरचा पंखा बसवला. माझ्या बंबाची पोकळी बरोबर ५ इंचांची आहे. पंख्याची पाती तिच्यात मावतात, पण चौकट चौकोनी आणि कोपऱ्यांत मोठी, म्हणून पंखा आत न घालता पोकळीच्या तोंडाला खालून लावावा लागतो. बंब विकत घेणार असाल तर टेप बरोबर न्या आणि हे माप आधी घ्या.

भोकं तपासायला बंब काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असला तर बंब चांगला. माझ्या बंबाच्या तोटीखाली रुपयाएवढा ओला डाग होता.

धातूबद्दल मात्र तडजोड करू नका. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र सुखानं नांदतात. ॲल्युमिनियम त्यांच्यात नको. दोन वेगळ्या जातीचे धातू एकाच पाण्यात असले की त्यांची बॅटरी होते, आणि तांब्यासमोर ॲल्युमिनियम झिजत जातं. बाजारातल्या बऱ्याच तयार लिक्विड कूलरांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, तसला रेडिएटर उचलून पाण्याच्या या फेऱ्यात जोडू नका. नळवाल्याकडच्या जीआय, म्हणजे लोखंडी, निपलांवर जस्त असतं, तेही चालत नाही. पितळीच मागा, आणि दुकानदार “सगळं एकच आहे, ताई” म्हणाला तरी लोहचुंबक लावून बघा.

तांबट आळी

बंबाला दोन नवी तोंडं पाडावी लागतात, एक पाणी बाहेर न्यायला आणि एक परत आणायला. हे काम घरी टॉर्च घेऊन करू नका. कसब्यातल्या तांबट आळीत जा. तिथली घराणी पिढ्यान्‌पिढ्या तांब्यावर मठारकाम करत आली आहेत. हातोडीचे एकसारखे ठोके घेतले की पत्रा घट्ट होतो आणि त्यावर ती चांदण्यांसारखी चमक उठते. मी बंब घेऊन गेले तेव्हा काकांनी आधी तो बोटानं वाजवून बघितला आणि म्हणाले, “पत्रा जाड आहे, जुना माल. याला काय करायचंय?” मी कॉम्प्युटर म्हटल्यावर त्यांनी मला चित्र काढून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मग त्यांनी माझ्या चित्रातली एक चूक काढली. परतीचं तोंड मी बंबाच्या गळ्यापाशी दाखवलं होतं. ते म्हणाले, पाणी वरून पडलं तर आवाज करेल, तोंड पाण्याखाली दे. त्यांचं बरोबर होतं. खाली पातळ्यांचं गणित वाचाल तेव्हा कळेल की आवाजापेक्षाही मोठ्या कारणानं बरोबर होतं.

त्यांनी अर्ध्या इंचाचे दोन पितळी सॉकेट झाळून दिले, तोटीखालची गळती बंद केली आणि आतून कल्हई केली. एक फार सोयीची गोष्ट इथे सांगते. वॉटर कूलिंगच्या फिटिंगवर ‘जी पाव’ असं लिहिलेलं असतं, ते आपल्या नळजोडणीतल्या पाव इंची बीएसपी आट्यांचंच नाव आहे. म्हणून बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातला अर्धा-ते-पाव इंची पितळी रिड्यूसर बुश बंबाच्या सॉकेटमध्येही बसतो आणि परदेशातून आलेल्या फिटिंगलाही. अर्ध्या इंची बाजूला टेफ्लॉन टेप गुंडाळा. पाव इंची बाजूला टेप लावू नका, तिथे फिटिंगची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, सील करते आणि तिला सपाट बसायला जागा लागते. बुशाचं तोंड खडबडीत असतं. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ते तोंड गोल गोल घासत सपाट करा.

कल्हईनंतर मी एक चूक केली. कल्हईला नवसागर वापरतात आणि त्याचे क्षार भांड्यात राहतात. मी दोनदा विसळून बंब भरला. दुसऱ्या आठवड्यात पाण्यावर निळसर-हिरवी झाक आली, म्हणजे तांबं पाण्यात उतरायला लागलं होतं. सगळं पाणी काढावं लागलं. आता सांगते: गरम पाण्यानं पाच-सहा वेळा धुवा, शेवटचं पाणी टीडीएस मीटरनं, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरनं, मोजा, आणि आकडा तुम्ही ओतलेल्या पाण्याइतकाच आल्याशिवाय थांबू नका. आतले जुने पांढरे क्षार कल्हईच्या आधीच लिंबूफुलाच्या पाण्यानं काढून घ्या. बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी, आणि शेवटी लॅकरचा पातळ हात. नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात महिन्याभरात बंब काळवंडतो.

किती तापेल

आकडेमोड सोपी आहे. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला साधारण ४,१८६ जूल लागतात. बंबात १८ लिटर, म्हणजे अंशाला सुमारे ७५ हजार जूल. माझं कार्ड आरटीएक्स ४०८० सुपर आहे, त्याची मर्यादा ३२० वॉट. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी आहे. त्याच्यावर १२० वॉट लिहिलेले असले तरी खेळताना तो माझ्याकडे ८० च्या आत राहतो. पंपाचे २० धरा. एकूण ४२० वॉट, म्हणजे सेकंदाला ४२० जूल. ७५ हजाराला ४२० नं भागलं की १८० सेकंद येतात.

तीन मिनिटांना एक अंश! रेडिएटर अजिबात न लावता, २८ अंशांवरून ४५ वर जायला या बंबाला पाऊण तासाहून जास्त लागेल. साध्या कस्टम लूपमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या पाण्याच्या फेऱ्यात, जेमतेम लिटरभर पाणी असतं. तिथे रेडिएटरचे पंखे बंद पडले तर तेवढंच पाणी तीन मिनिटांत १८ अंशांनी चढतं. पाण्याचा हा धीमेपणा मला फार आवडतो. पंख्यांना घाईघाईनं वर-खाली व्हायची गरजच पडत नाही.

पण बंब उष्णता साठवतो, टाकून देत नाही. त्याच्या बाहेरच्या अंगातून आणि मधल्या पोकळीतून माझ्या हिशेबानं शंभर-सव्वाशे वॉटच निघतात, तेही पाणी खोलीपेक्षा १५ अंश गरम असताना. चकचकीत तांबं उष्णता बाहेर फेकण्यात कंजूष असतं. त्यामुळे लांब खेळायचं असेल तर रेडिएटर लागतोच. मी ३६० मिलिमीटरचा, तांब्याच्या गाभ्याचा रेडिएटर बंबामागे भिंतीला उभा केला आहे, समोरून दिसत नाही. पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर हवाच. माझा पंप डी५ आहे, वॉटर कूलिंगमध्ये नेहमी वापरतात तो. त्याची मर्यादा ६० अंशांची आहे, मी ५० ला अलार्म लावला आहे.

बर्फ टाकायचा मोह होईल. टाकू नका. पावसाळ्यात खोलीत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. हे दव वॉटर ब्लॉकवर, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डावर बसणाऱ्या, आतून पाणी वाहणाऱ्या ठोकळ्यांवर, नेमकं मदरबोर्डच्या वर साचतं.

पातळ्या: इथे घाई करू नका

१८ लिटर पाणी आणि लाखभराचं ग्राफिक्स कार्ड एकाच फेऱ्यात आहे. गळती झाली तर काय होईल, यावर सगळी रचना बेतलेली असायला हवी. बहुतेक लोक टाकी वर, पंप तिच्या खाली आणि मदरबोर्ड त्याच्या पुढे ठेवतात. लिटरभर पाण्याला ते ठीक आहे. बंबाला नाही, कारण मग एका सैल फिटिंगमधून अख्खा बंब बोर्डावर रिकामा होऊ शकतो.

मी दोन गोष्टी उलट केल्या.

पहिली, मदरबोर्ड बंबातल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला. जमिनीपासून पाणी ६२ सेंटिमीटरवर आहे आणि बोर्डाची खालची कड ८० वर. पंप बंद असताना वरच्या नळ्यांत पाणी टिकून राहतं, कारण दोन्ही टोकं बंबातल्या पाण्यात बुडलेली आहेत आणि हवेचा दाब ते वर धरून ठेवतो. पाण्याच्या टाकीतून रबरी नळीनं पाणी काढताना जसं होतं तसंच. म्हणून परतीचं तोंड पाण्याखाली असणं इतकं महत्त्वाचं. ते उघडं राहिलं तर पंप थांबताच हवा शिरते आणि वरचं सगळं पाणी खाली उतरतं. वरच्या भागातला दाब त्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे फिटिंग सैल झालंच, तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते.

दुसरी, पंप बोर्डाच्या आधी न ठेवता नंतर ठेवला. पाण्याचा क्रम असा: बंबाची खालची बाजू, बॉल व्हॉल्व्ह, तिथून वर प्रोसेसरचा ब्लॉक, मग ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक, तिथून खाली जमिनीलगत पंप, मग रेडिएटर, दुसरा बॉल व्हॉल्व्ह आणि परत बंबात. पंप चालू असतानाही बोर्डाचा सगळा भाग पंपाच्या ओढीच्या बाजूला राहतो. पंप पाणी ढकलत असता तर सैल जागेतून फवारा उडाला असता. ओढत असल्यामुळे तिथून हवा येते, आणि ती हवा बंबात बुडबुडे होऊन दिसते. झाकण उघडलं की कळतं. मला हे सुचलं ते कारखान्यात रोज सक्शन लाइनमधली, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणाऱ्या नळीतली, हवा शोधत बसण्यातून. आमच्याकडे ती हवा म्हणजे डोकेदुखी, इथे तीच राखणदार झाली.

या रचनेची एक किंमत आहे. डी५ पंप स्वतःहून पाणी वर ओढू शकत नाही, आणि त्याचं एकुलतं एक बेअरिंग पाण्यानंच वंगण घेतं. कोरडा चालला की खराब होतो. म्हणून सगळ्यात वरच्या बिंदूला एक टी आकाराचा जोड आणि बुच हवं. दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करायचे, पिचकारीच्या बाटलीनं वरून हळूहळू पाणी भरायचं, नळ्या हलक्या हातानं ठोकत हवा वर येऊ द्यायची, काठापर्यंत भरलं की बुच घट्ट करायचं. मग आधी परतीचा व्हॉल्व्ह उघडायचा, नंतर दुसरा, आणि पंप सगळ्यात शेवटी. फेऱ्यात फ्लो सेन्सरही टाका, पाणी वाहतंय की नाही ते तो सांगतो. हवा शिरून पाणी तुटलं तर पंपाचा आवाज बदलेपर्यंत वाट बघायला नको.

नळ्या

पारदर्शक ॲक्रिलिक सुंदर दिसतं, पण बंबाला तांब्याचीच नळी शोभते. इथे मापाचा घोळ आहे. एसीवाल्याकडची अर्धा इंची तांब्याची नळी बाहेरून १२.७ मिलिमीटर असते. वॉटर कूलिंगची फिटिंग १२, १४ आणि १६ मिलिमीटरची. १२.७ कशातच बसत नाही. मी सहा मीटर एसीची नळी आणून बसले होते, ती अजून माळ्यावर आहे. शेवटी उत्तर सापडलं हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनमध्ये. तिथे बरोबर १२ मिलिमीटरची तांब्याची नळी वापरतात. मेडिकल गॅसचं सामान विकणाऱ्याकडे मागा, आतून स्वच्छ करून दोन्ही टोकं बंद केलेली मिळते.

ती नळी कडक असते. वाकवायच्या जागी टॉर्चनं मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ पडतं. मग १२ मिलिमीटरच्या बेंडरमध्ये सावकाश वाकवा. आधी जाड तार वाकवून साचा करून घ्या आणि नळी नेहमी दोन इंच जास्त ठेवून कापा. माझ्या सात नळ्यांपैकी चार दुसऱ्या प्रयत्नात जमल्या, आणि प्रोसेसरपासून कार्डापर्यंतची, जिला दोन वेगळ्या दिशांचे बाक आहेत, ती सहाव्या.

कापलेलं टोक आतून-बाहेरून तासून गोलसर करा. हे वाक्य मी दहा वेळा लिहायला तयार आहे. माझी पहिली गळती यामुळेच झाली. टोकाची धार नखाला जाणवत नव्हती, पण ओ-रिंग चिरण्याइतकी होती. आता मी प्रत्येक टोक कापडावरून फिरवून बघते. धागा अडकला तर पुन्हा तासते. नळी घालताना ओ-रिंगला पाण्याचं बोट लावा.

पंप आणि तांब्याची नळी थेट जोडू नका. पहिल्या रात्री मी पंप चालू केला आणि अख्खा बंब मंदिरातल्या घंटेसारखा घुमायला लागला. पंपाची थरथर नळीतून बंबात जात होती आणि बंबाचं पोट ती मोठी करत होतं. पंपाच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच ईपीडीएम रबराची नळी घातली, पंपाखाली रबराची जाड चकती ठेवली, आणि आता कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

बोर्ड कुठे टांगायचा

माझा बोर्ड एका पाडलेल्या वाड्याच्या खिडकीच्या सागवानी चौकटीत बसवला आहे. ती चौकट जुन्या बाजारात मिळाली. बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा. चौकटीत सागाची फळी बसवली, बोर्डाच्या भोकांची जागा ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि पितळी स्टँड-ऑफ फळीत घट्ट केले. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, पण चौकटीत चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा लागते, विशेषतः केबल वळवायला. ग्राफिक्स कार्ड रायझर केबलवर, म्हणजे स्लॉटपासून लांब न्यायच्या केबलवर, बाजूला उभं आहे. चित्र अडखळलं तर बायोसमध्ये तो स्लॉट जेन ३ ला, म्हणजे जुन्या, कमी वेगाला, लावून बघा, खेळात फरक जाणवत नाही. कार्डाची पॉवर केबल शेवटपर्यंत दाबून बसवा आणि कनेक्टरपाशी लगेच वाकवू नका. वॉटर ब्लॉक घेताना नुसतं चिपचं नाव जुळवून चालत नाही, तुमच्या कार्डाचं नेमकं मॉडेल ब्लॉकच्या यादीत असायला हवं.

लाकडी चौकटीमुळे एक धोका येतो, ज्याकडे लक्ष जात नाही. लोखंडी कॅबिनेटमध्ये सगळे धातूचे भाग आपोआप अर्थ होतात. लाकडावर होत नाहीत. आपल्याकडे तर समोर हात लावण्यासारखं मोठं तांब्याचं भांडं आहे. बंबाच्या पायापासून पॉवर सप्लायच्या धातूच्या खोक्यापर्यंत जाड हिरवी वायर ओढा आणि मल्टिमीटरनं खात्री करा. तुमच्या घरच्या भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या इमारतीत बऱ्याचदा तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

समोरून काच लावा. धूळ आहेच, पण पाल ऊब शोधत येते आणि मदरबोर्डच्या मागे जाऊन बसते.

पाणी भरण्याआधी

दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून मधल्या भागात हातपंपानं ०.४ बार हवा भरा आणि अर्धा तास दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसा. काटा हलला नाही तर उत्तम. बंब स्वतः या चाचणीत घेऊ नका, तो दाबासाठी बनलेला नाही.

मग पाणी. डिस्टिल्ड वॉटर, त्यात वॉटर कूलिंगचं काँसन्ट्रेट बाटलीवरच्या प्रमाणात. ते गंज आणि शेवाळ दोन्ही रोखतं. १८ लिटर तयार कूलंट घेणं परवडत नाही, काँसन्ट्रेट परवडतं. गाडीचा कूलंट वापरू नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं. घरात लहान मूल असेल तर बंबाची जुनी तोटी काढून तिथे बुचच लावा. बंबातून पाणी प्यायची सवय नसली तरी चमकणारी तोटी मूल फिरवणारच. जुन्या भांड्यातून कण सुटत राहतात आणि ब्लॉकमधल्या खाचा फार बारीक असतात, म्हणून बंबातून निघाल्यावर लगेच जाळीचा फिल्टर हवा.

पहिली चाचणी बोर्डाला वीज न देता करा. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली १६ नंबरची पिन, बहुधा हिरवी वायर, शेजारच्या काळ्या वायरीशी जोडली की सप्लाय चालू होतो. त्याला फक्त पंप जोडलेला ठेवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि २४ तास. मी ३६ तास चालवला आणि मध्ये तीनदा पंप बंद करून पाणी वर टिकतं का ते पाहिलं. बुडबुडे पूर्ण थांबायला पाऊण दिवस गेला.

पहिला खेळ

मी डोंगरातल्या रस्त्यांवरच्या रॅली शर्यती खेळते. त्या रविवारी आजी डोळे दाखवायला वाईहून आलेली होती. मी दोन तास गाडी चालवत होते आणि ती शेजारी पाटावर बसून बंबाकडे बघत होती. खोलीत २९ अंश, पाणी ४१ वर येऊन थांबलेलं, रेडिएटरचे पंखे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर. पहिले १० अंश चढायला ३६ मिनिटं लागली होती. हिशेबानं ३० लागायला हवी होती, उरलेली उष्णता बंबानं आणि रेडिएटरनं तेवढ्यात बाहेर टाकली. आजीनं बंबाच्या पोटावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवून म्हणाली, “कोमट आहे गं. अजून दोन लाकडं हवीत.” मग धुराड्याच्या तोंडावर हात धरला. खालच्या पंख्याची ऊबदार हवा हाताला लागली तशी हसली आणि तिथेच हात शेकत बसली.

खर्च

पाण्याच्या भागाचा खर्च ६८ हजार आला. दोन्ही ब्लॉक, पंप, रेडिएटर, फिटिंग, सेन्सर, तांबट आळीतलं काम आणि वाया गेलेली नळी धरून. फिटिंग हा खर्च सगळे कमी धरतात. एक-एक नगाला सातशे-हजार पडतात आणि वीस-बावीस सहज लागतात. पीसीचे भाग वेगळे. दोन ग्राफिक्स कार्ड लावायचा विचार असेल तर सोडा. आरटीएक्स ४० मालिकेपासून घरगुती कार्डांवर ती जोडणीच काढून टाकली आहे, खेळात दुसरं कार्ड नुसतं टांगलेलं राहतं.

बंब नसेल तर काय, असं मला विचारतात. घंगाळ घ्या, उघडं असल्यानं धूळ आणि बाष्पीभवन जास्त, पण दिसतं छान. काचेच्या टाकीत खनिज तेल भरून त्यात अख्खा पीसी बुडवणारेही आहेत, अमेरिकेतल्या प्युजेट सिस्टिम्सनं तसे संच विकले होते. त्याआधी १९८५ चा क्रे-२ महासंगणक फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता. कल्पना देखणी आहे, पण तेल केबलींमधून वर चढून बाहेर झिरपतं आणि एकदा बुडवलेला भाग पुन्हा कधी पुरता कोरडा होत नाही. मी पाण्यावर खूश आहे.

वर्षातून दोनदा

देखभालीचे दिवस मी पाडवा आणि दिवाळी ठरवलेत. नाहीतरी त्या दिवसांत तांब्या-पितळेची भांडी घासायला निघतात. पाणी तळाच्या बुचातून बादलीत काढायचं, रंग बघायचा, पांढऱ्या कापडातून गाळायचं. फिल्टर धुवायचा. रबरी नळ्या दाबून बघायच्या, कडक झाल्या असतील तर बदलायच्या. वसुबारसेला मी बंब उघडला तेव्हा पाणी स्वच्छ होतं, फिल्टरमध्ये चिमूटभर काळी काजळी होती. इतकी वर्षं न्हाणीघरात जळलेल्या लाकडांची ती असणार, कुठल्यातरी सांध्यात लपून राहिलेली. ती मी धुऊन टाकली, नवं पाणी ओतलं, वरचं बुच लावलं, आधी परतीचा व्हॉल्व्ह उघडला आणि मग दुसरा. बुडबुडे थांबायला या वेळी चारच तास लागले.